डाळ कोणी शिजू दिली नाही? आमच्या केटरिंगच्या घरातलं एक कोडं, ओळखून दाखवा

गंज_सराटा

अचलपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव आहे आणि घरचा धंदा केटरिंगचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ऑर्डर घेतात. माझे मिस्टर आणि दीर बाजार, भांडी, टेम्पो पाहतात. कोठी आणि हिशोब माझ्याकडे. चुलाणावर महाराज. माझ्या लग्नातली बुंदीसुद्धा महाराजांनीच पाडली होती, इतके ते जुने. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कोणत्याच कागदावर नाहीत, पण मिठापासून मानपानापर्यंत सगळं त्यांना विचारून होतं.

मागच्या लग्नसराईत दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी पाचशे पानांची ऑर्डर होती. गावाचं नाव सांगणार नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना विचारून लिहिते आहे. पंगतीत वांग्याची भाजी, पुरी, वरण-भात, बुंदी आणि मठ्ठा.

तो सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. तिथलं विहिरीचं, हातपंपाचं पाणी खारं. म्हणून तिकडची ऑर्डर असली की आम्ही घरून गोडं पाणी नेतो. दोनशे लिटरचे चार निळे ड्रम, तोंडाला पांढरं फडकं बांधून. चारही ड्रम आमच्या विहिरीवर भरले तेव्हा मी समोर उभी होते. टेम्पो रात्री पोचला. नवरीच्या घरामागे गोठ्याशेजारी ड्रम उतरवले, चुलाण खणलं, आलू-वांगी मोजून घेतली. हळद संध्याकाळीच आटोपली होती. दीर टेम्पोत झोपले, महाराज चुलाणाशेजारी, आम्ही बायका ओसरीत.

सकाळी पहिल्या ड्रमातून चहा झाला. चांगला झाला, वऱ्हाडातले म्हातारे दोनदा मागून प्याले. दुसऱ्या ड्रमातून वांग्याची भाजी. तर्री अशी आली की मामाजींनी शेजारच्या गावची ऑर्डर तिथंच उभ्या उभ्या घेतली. चौथ्या ड्रमातून दोन गंजांत पंचवीस किलो तूरडाळ चढली. आणि मांडववाल्यांना व वाढप्यांना लवकर जेवायला घालायचं म्हणून भाताचा पहिला घाणाही त्याच ड्रमातून.

नऊला चढवलेली डाळ अकराला जशीच्या तशी. उकळी मारून राहिली, पण दाणा दाण्याला भेटेना. महाराजांनी जाळ वाढवला, झाकणावर परात ठेवली, सराटा फिरवून फिरवून घामाघूम झाले. मुलीचे वडील आले, बोटात डाळ घेऊन चेपली, ती टणकन उडाली.

"महाराज, हे डाळ व्हय का गिट्टी?"

मग बोलाचाली सुरू झाली. नवरीच्या काकांना दुसरा केटरर हवा होता, ते म्हणाले, "म्या पयलेच सांगतलं होतं." नवरीचे मामा म्हणाले की ही करणी आहे, आणि पुरावा म्हणून त्यांनी चौथ्या ड्रमाचं फडकं सगळ्यांसमोर धरलं. त्यावर लाल ठिपके होते. कुंकवासारखे. बायका दोन पावलं मागं सरल्या. आमच्या दिरांनी ड्रम बदलले असतील, धाब्यावर थांबून कुठलंही पाणी भरलं असेल, असंही कोणी म्हणालं. आणि महाराज, ज्यांनी आयुष्यभर लोकांना पोटभर जेवू घातलं, ते गमछानं तोंड पुसत खाली बसले.

तुम्हाला जे आम्हाला दिसलं ते सगळं सांगते. भाताचा पहिला घाणा थोडा पिवळसर आला होता, हळद न घालता. दिरांना रात्री दोनच्या सुमारास हातपंपाचा खडखडाट ऐकू आला होता, पण लग्नघर आहे, कोणी पाणी भरत असेल म्हणून ते कूस वळून झोपले. सकाळी चारही ड्रम काठोकाठ भरलेले होते. आणि डाळीचा गोंधळ चालू असताना पार्लरवाली पोरगी आत्याबाईंकडे सुई-दोरा मागायला आली. म्हणाली, "आजी, अंबाडा टिकूनच नाई राह्यला. पिना सरकून जाऊन राह्यल्या. मांगच्या हप्त्यात ट्रायल केली तवा तं मस्त बसला होता."

आत्याबाईंनी सुई-दोरा दिला, फडकं मामांच्या हातातून घेतलं, आणि तिथल्या तिथं त्यांना समजलं. तुम्हाला समजतं का पाहा. उत्तर उद्या रात्री.

तिखटजाळ

काका. दुसरा केटरर आणायचा होता, कारण सरळ आहे. रात्री उठून डाळीत काहीतरी टाकलं.

गंज_सराटा

डाळीचे कट्टे कोठीत होते, कोठीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. कट्टे सकाळी मीच फोडले. डाळ त्याच हंगामातली, त्याच लॉटची डाळ आदल्या आठवड्यात आमच्या घरी लोण्यासारखी शिजली होती.

नागपूरकर_तर्रीवाला

डाळ जुनी असली की असं होतं, पण ती शक्यता तुम्ही काढून टाकली. टमाटर किंवा चिंच आधी घातली होती का? आंबट आधी पडलं की डाळ ताठ राहते. आमच्या आईचा नियम आहे, डाळ घोटल्याशिवाय आंबट गंजाजवळ आणायचं नाही.

गंज_सराटा

साधं वरण होतं, त्यात आंबट काहीच नाही. हळद, हिंग आणि थोडं तेल, बस. पण प्रश्न अगदी बरोबर विचारलात, मामाजींनीही पहिला हाच विचारला होता.

पूर्णाकाठ

पाणी. हे वाचायला मला दुसरी ओळ लागली नाही, कारण मी त्या पट्ट्यातला आहे. चौथ्या ड्रमात खारं पाणी होतं. रात्री हातपंप वाजला, सकाळी ड्रम भरलेला. ड्रम कोणीतरी रिकामा केला आणि हातपंपानं भरून ठेवला.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून विहीर असूनही ओलीत होत नाही. कापूस, तूर, हरभरा, सगळं पावसाच्या भरवशावर. काळी माती इतकी खोल की उन्हाळ्यात भेगांत हात जातो. प्यायचं पाणी लांबून यावं लागतं. अकोट-तेल्हारा भागात वान धरणावरून चौऱ्याऐंशी खेडी योजना आहे, तिच्या नळाची वाट पाहत आमच्या आयांचा जन्म गेला.

तिखटजाळ

मग ड्रम काकांनीच रिकामा केला. माझा संशय कायम आहे.

बडबड_मावशी

पण खारं पाणी असेल तर कोणीतरी चाखलं नसेल का? पाचशे पानांचा सैपाक, आणि पाणी कोणी तोंडात घातलं नाही?

गंज_सराटा

हा प्रश्न आम्ही घरीही काढला होता. पूर्ण खारं असतं तर कळलं असतं. अर्धं गोडं आणि अर्धं खारं अशी भेसळ होती. प्यायला थंड पाण्याचे जार बाहेरून आले होते, त्यामुळे ड्रमाचं पाणी कोणी प्यालंच नाही. आणि महाराजांच्या गालात सकाळपासून खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी असते. खर्रा खाणाऱ्याच्या जिभेला एवढा फरक समजत नाही. आत्याबाई त्यांना कितीदा सांगतात.

मास्तर_रसायन

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळतं आणि दाणा फुटतो. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असले की ते पेक्टिनला बांधून ठेवतात आणि दाणा ताठ राहतो. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्याच पाण्यात डाळ शिजत नाही, कारण दोन्हीकडे तेच क्षार आडवे येतात.

पिवळ्या भाताचंही उत्तर याच पाण्यात आहे. तांदळातली काही द्रव्यं आम्लधर्मी पाण्यात पांढरी राहतात आणि अल्कधर्मी पाण्यात पिवळी पडतात. म्हणून भात शिजवताना लिंबाचे चार थेंब टाकले की तो शुभ्र होतो.

आता लाल ठिपके. ते कुंकू नाही, करणी तर मुळीच नाही. हळदीला साबण लागला की ती लाल होते. आपलं पारंपरिक कुंकूसुद्धा हळदीवर चुन्यासारखं अल्क देऊनच करतात. पांढऱ्या कापडावरचा हळदीचा डाग साबणानं धुताना लाल झालेला प्रत्येक बाईनं पाहिला असेल. म्हणजे त्या ड्रमाजवळ रात्री कोणीतरी साबण वापरला आणि त्या माणसाच्या अंगाला हळद होती.

खमंग

अंगाला हळद! म्हणजे हळदीच्या कार्यक्रमातलं कोणीतरी. स्वयंपाकवाले सगळे सुटले.

नागपूरकर_तर्रीवाला

महाराजांच्या हातालाही हळद असणारच की. मसाले तेच हाताळतात.

गंज_सराटा

रात्री मसाले बांधलेलेच होते, कट्टे सकाळी फुटले. तरी शंका रास्त आहे.

अकोटची_लेक

मला माहीत आहे. पार्लरवालीचं वाक्य वाचलं आणि डोळ्यात पाणी आलं.

ज्यांनी खाऱ्या पाण्यानं केस धुतले नाहीत त्यांना कळणार नाही. शाम्पूची अर्धी बाटली ओता, फेस येत नाही. केस वाळले की काथ्यासारखे होतात. पण त्यात पीन खोचली की दोन दिवस हलत नाही, एवढा एक फायदा. ट्रायलच्या दिवशी अंबाडा मस्त बसला, कारण केस खाऱ्या पाण्याचे होते. लग्नाच्या सकाळी पिना सरकायला लागल्या, कारण केस रात्री गोड्या पाण्यानं न्हाले होते.

नवरी. ड्रम नवरीनं रिकामा केला.

तिखटजाळ

काय!

बडबड_मावशी

अगं बाई. खरंच की काय? धागाकर्त्या ताई, उद्यापर्यंत थांबवू नका.

पूर्णाकाठ

अकोटची_लेक, तुम्हाला दंडवत. मी पाण्यापर्यंत पोचलो आणि तिथंच थांबलो. मला केस सुचलेच नसते.

गंज_सराटा

उद्याचं वचन मोडते, कारण अकोटच्या ताईंनी ओळखलं. आत्याबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "थे पोरगी आपल्याइकडे कामाले पायजे."

आता नीट सांगते.

आत्याबाईंनी फडकं घेतलं, ठिपके पाहिले, आणि काही न बोलता न्हाणीतून साबणाची वडी आणली. तिसऱ्या ड्रमातलं पाणी तांब्यात घेऊन हात चोळले, फेसच फेस. चौथ्या ड्रमातलं घेऊन चोळले, तर हातावर दह्यासारखा चिकट थर. मुलीच्या वडिलांना त्यांनी हे समोर करून दाखवलं.

"भाऊ, पाह्य. डाळ चांगली हाये, महाराज चांगला हाये. ड्रमात खारं पाणी मिसळलं हाये. कोनं मिसळलं थे आमचं आमी पाहून घेऊ. तुमी मांडवात जा, व्याही येऊन राह्यले."

वडील तसे भले माणूस. ते महाराजांसमोर उभे राहिले, हात जोडले आणि काही बोलायच्या आधीच महाराजांनी त्यांचे हात धरले. मुलीच्या बापानं त्या दिवशी हात जोडायचे ते फक्त व्याह्यांपुढं, माझ्यापुढं नाही, असं महाराज म्हणाले. काका मात्र तिथून जे सरकले ते थेट पंगतीलाच दिसले.

खमंग

आणि डाळीचं काय केलं? पंचवीस किलो! पंगत बारा-साडेबाराला बसणार ना?

गंज_सराटा

तीच तर सगळ्यात मोठी लढाई होती.

सोडा टाकून बघू असं माझे मिस्टर म्हणाले. महाराज नाही म्हणाले. सोड्यानं डाळ विरघळते पण चव साबणासारखी लागते, आणि महाराजांच्या हातचं असं वरण पानात पडलेलं मी कधी पाहिलेलं नाही. तिसरा ड्रम भाताला हवा होता, म्हणून डाळ नव्या पाण्यात पुन्हा चढवायची सोय नव्हती. वेळही नव्हता.

तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "डाळ शिजली नाई, पन भिजली तं हाये ना? गोळे करा."

कढीगोळे! भिजलेली डाळ जाडसर वाटून तिचे गोळे कढीत सोडायचे, हे आपल्याकडे घरोघरी होतं. घरच्या दहा माणसांना करतो तेच पाचशेंना करायचं. मठ्ठ्यासाठीचं दही मोठ्या गंजात तयार होतं. मठ्ठा रद्द, कढी सुरू. महाराज ताडकन उठले. तोंडातला खर्रा थुंकला, चुळा भरल्या आणि कढीची चव स्वतः घेतली.

डाळ धोतराच्या फडक्यांत बांधून निथळली. वाटायची कुठं? गल्लीतल्या बायका आपापले मिक्सर घेऊन आल्या. ओसरीत एका रांगेत मिक्सर लागले आणि सगळे एकदम सुरू केले तशी लाइन गेली. पूर्ण घराची. भटजींचा माइकही बंद पडला. मग पाटे-वरवंटे निघाले. एक आजी तर खलबत्ता घेऊन आल्या आणि कोणाला हात लावू देईनात, "माह्या लग्नातला व्हय." सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरायला करवल्या बसल्या, लसूण सोलायला नवरदेवाकडचे दोन म्हातारे. ते जानोशातून, म्हणजे वऱ्हाडाच्या उतरण्याच्या जागेतून, चहा शोधत आले होते आणि तिथंच रमले. व्याह्यांकडच्या माणसांना कामाला लावलं म्हणून मामाजींचा जीव वर-खाली होत होता, पण ते म्हातारे ऐकतच नव्हते. "आमच्या घरी आमाले कोनी लसूनबी सोलू नाई देत," म्हणे.

मंगलाष्टकं संपली तेव्हा शेवटचे गोळे कढीत पडत होते. पंगत अर्धा तास उशिरा बसली, लग्नाच्या मानानं वेळेवरच. आणि लोकांनी असे गोळे खाल्ले म्हणता! नंतर आमच्याकडे त्या भागातून येणाऱ्या ऑर्डरमध्ये वरणाच्या जागी कढीगोळे मागायला लागले आहेत.

बडबड_मावशी

पण नवरीचं काय झालं ते सांगा ना! आत्याबाई तिला बोलल्या का?

गंज_सराटा

बोलल्या, पण ते मला फार नंतर कळलं.

अक्षता टाकून झाल्यावर आत्याबाई आशीर्वाद द्यायला वर गेल्या. नवरीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या गावातल्या कोणत्याच बाईचे केस तसे नव्हते, रेशमासारखे. गजरा दोऱ्यानं शिवून टाकला होता म्हणून टिकला होता. त्या तिच्या कानाशी वाकल्या आणि विचारलं, "पानी गोड लागलं काय, बाई?"

पोरीचा चेहरा उतरला. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "रडू नोको, काजळ पसरते. गोळे मस्त झाले हायेत, पोटभर खाय." आणि खाली उतरल्या. घरी आल्यावरही एक अक्षर बोलल्या नाहीत. आम्ही सगळ्यांनी विचार विचार विचारलं, मामाजींनी तर दोन दिवस धरून ठेवलं. त्यांचं एकच, "ड्रम आपला, मालूम आपल्याले, दुसऱ्याले काहून पायजे?"

दिवाळीला ती मुलगी माहेरी आली तेव्हा तिनंच आमच्या घरी फोन केला. आत्याबाईंशी बोलली, महाराजांशी बोलली, मग माझ्याशी. सगळं तिनंच सांगितलं. हळदीनंतर रात्री मैत्रिणींसोबत अंग धुवायला मागच्या बाजूला गेली होती. हातपंपाच्या पाण्यानं हळद जाईना. केसांत तेल आणि हळदीचा चिकटा. मैत्रीण म्हणाली की ड्रमात अचलपूरचं पाणी आहे, एक तांब्या घे. एक तांब्या घेतला, साबण लावला, आणि फेस आला. तिच्या शब्दांत सांगते: "वयनी, माह्या केसाले पयल्यांदा असा फेस आला. मंग मले थांबताच नाई आलं." मैत्रिणीही थांबल्या नाहीत. अर्धा ड्रम संपला तेव्हा भानावर आल्या. मग त्या पोरींनी, ज्यांचं बालपण पाणी भरण्यात गेलं, गुंड, म्हणजे घागरी, भरभरून हातपंपाचं पाणी आणलं आणि ड्रम काठोकाठ करून फडकं जसंच्या तसं बांधलं. ड्रम रिकामा दिसला तर केटरिंगवाल्यांवर आळ येईल, असं त्यांना वाटलं. भरून ठेवल्यानं आळ येईल हे कोणाच्या मनात आलं नाही.

महाराज तिला म्हणाले, "बेटा, मले सांगतलं असतं तं म्या पानी तापवून देल्लं असतं."

अकोटची_लेक

मी हे ऑफिसात वाचत होते, बाहेर जाऊन उभी राहिले.

माझ्या आईनं माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या केसांसाठी पिण्याच्या पाण्याचा एक हंडा बाजूला काढून ठेवला होता. नळ आठवड्यानं यायचा तेव्हा. घरात पाहुणे भरलेले, आणि ती त्या हंड्यावर झाकण ठेवून, वर धान्याचा डबा ठेवून पहारा देत होती. मला तेव्हा तिचा राग आला होता, पाहुण्यांना पाणी नाही आणि ही काय करते म्हणून.

खमंग

मी थोडं वेगळं बोलते, रागावू नका. मुलीबद्दल मलाही माया वाटते, पण पंचवीस किलो डाळ, पाचशे माणसं आणि एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू पणाला लागली होती. तिनं सकाळी तरी सांगायला हवं होतं. महाराजांवर आळ आला तेव्हा ती घरातच होती ना?

गंज_सराटा

तिला त्या वेळी माहीतच नव्हतं. ती आत पार्लरवालीसमोर बसली होती, बाहेर डीजे चालू होता. डाळीचं तिला कळलं ते आत्याबाईंच्या प्रश्नावरूनच. आणि कळलं तेव्हा ती बोहल्यावर उभी होती. तिथून कोणाला काय सांगणार?

महाराजांच्या अब्रूचं म्हणाल तर ते माझ्याही मनात सगळ्यात आधी होतं. त्यांना खाली बसलेलं पाहिलं तो क्षण मला अजून सहन होत नाही. पण आत्याबाईंनी महाराजांना सोडवलं आणि पोरीलाही झाकलं, दोन्ही एकाच साबणाच्या वडीनं. मला त्यांचा निर्णय पूर्ण पटतो.

पूर्णाकाठ

मलाही पटतो. आणि एक सांगू का, आमच्याकडे पावसाळ्यात पागोळ्याखाली गंगाळं लावून ठेवतात, ते पाणी बाया केस धुवायला जपतात. आता काही जणांनी शेततळी केली आहेत, पावसाचं पाणी साठवलेलं गोडं राहतं. पण वैशाखातल्या लग्नाला पागोळी कुठून येणार?

मास्तर_रसायन

एक दुरुस्ती करतो, नाहीतर कोणी मला पकडेल. मी वर म्हटलं की क्षारांनी डाळ शिजत नाही. पण सगळे क्षार सारखे नसतात. खाण्याचा सोडा हाही सोडियमचा क्षारच आहे, आणि त्यानं डाळ लवकर शिजते. अडवतात ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे. खारपाणपट्ट्यातही दोन विहिरींचं पाणी एकसारखं नसतं, त्यामुळे एखाद्या गावात डाळ शिजते आणि शेजारच्या गावात नाही, असं होऊ शकतं. केटरिंगवाल्यांसाठी साबणाची परीक्षा सर्वात सोपी आहे. फेस आला तर डाळ चढवा.

गंज_सराटा

मास्तर, ही परीक्षा आता आमच्याकडे नियमच आहे. कोणत्याही गावात गेलो की पहिले साबण, मग चुलाण. महाराज स्वतः करतात.

नागपूरकर_तर्रीवाला

ताई, पाच-सहा माणसांचं कढीगोळ्याचं प्रमाण द्या. रविवारी करतो.

गंज_सराटा

एक वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी चणाडाळ चार तास भिजवा. पाणी पूर्ण निथळा, हे महत्त्वाचं, ओली राहिली की गोळा फुटतो. हिरवी मिरची, लसूण, जिरं, हळद, मीठ घालून जाडसर वाटा. पाणी न घालता. मग भरपूर सांबार चिरून घाला आणि लिंबाएवढे गोळे करा. कढी नेहमीसारखी, ताकात दोन चमचे बेसन, पण जरा पातळच ठेवा, गोळे पडले की ती दाटते. कढीला खळखळ उकळी असताना आधी एकच गोळा सोडा. तो टिकला तर बाकीचे सोडा. फुटला तर वाटणात चमचाभर बेसन मिसळा. गोळे पडल्यावर पाच-सात मिनिटं डाव घालायचा नाही. गोळे आधी खाली बसतात, मग शिजले की वर येतात. खाताना गोळा भातावर फोडायचा आणि वरून गरम तेलाची लसूण-लाल मिरचीची फोडणी. मिरची भिवापुरी मिळाली तर तीच घ्या.

तिखटजाळ

मी काकांवर संशय घेतला होता, पण ते पंगतीला बसले, त्यांनी गोळे खाल्ले का?

गंज_सराटा

चारदा घेतले. आणि जाताना मामाजींना विचारून गेले की त्यांच्या मुलीच्या लग्नाला मे महिन्यातली कोणती तारीख मोकळी आहे. ती तारीख पक्की झाली आहे. या वेळी पाच ड्रम जाणार आहेत. पाचवा आत्याबाईंच्या सांगण्यावरून, त्याला फडकं नाही बांधायचं, बादली आणि तांब्या ठेवायचा, आणि तो गोठ्याशेजारी नाही तर सरळ नवरीच्या न्हाणीपाशी उतरवायचा. बिलात तो लावायचा नाही, हे त्यांनी मला कोठीच्या वहीत लिहायला लावलं.

अकोटची_लेक

ताई, अकोट तालुक्यात ऑर्डर घेता का? माझ्या धाकट्या बहिणीचं आहे, तुळशीच्या लग्नानंतर.

गंज_सराटा

घेतो ना. व्यक्तिगत निरोपात गाव आणि पानं किती ते कळवा.